स्वयंपाकघरातले विज्ञानप्रयोग : मुलं टाळ्या वाजवतात, पण पुढे काय?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी,

गेला महिनाभर दर रविवारी मुलांना घेऊन ओट्यापाशी एकेक प्रयोग करतेय. लेक आठ वर्षांची, धाकटा दादू पाचाचा. आतापर्यंत चार झाले. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी, मिठाच्या पाण्यात तरंगणारं अंडं, दुधावर रंगाचे थेंब टाकून मधोमध साबणाचं बोट, आणि पाण्यावर मिरपूड शिंपडून पुन्हा तीच साबणाची गंमत. चारही छान जमले. मुलं खूश, ओटा ओला, मीही खूश.

काल लेकीला सहज विचारलं, "अंडं वर का गं आलं?"
"तू मीठ घातलंस म्हणून."
"मीठ घातल्यावर का आलं?"
"कारण हा तोच प्रयोग आहे ना!"

हे उत्तर कालपासून मनातून जात नाहीये. तिच्या लेखी मी जादूगार आणि ती प्रेक्षक. "घनता वाढली म्हणून" हे वाक्य मी तिच्याकडून पाठ करून घेऊ शकते, पण ते मला नकोय. तिनं स्वतःहून काहीतरी खटपट करून शोधावं असं फार वाटतं. तुम्ही घरी हे कसं करता? कोणत्या प्रयोगांत मुलं नुसती बघत न बसता स्वतः गुंतली? आणि वयाचा काही हिशेब ठेवता का?

गवतफूल

मस्त धागा! वाचनखूण साठवली. आमच्याकडे ज्वालामुखी इतक्यांदा झालाय की सोड्याचा डबा आता सगळ्यात वरच्या फळीवर गेलाय.

जुना_मास्तर

पाटीपेन्सिलताई, तुमच्या लेकीचं उत्तर मला फार प्रामाणिक वाटलं. तिला जे दिसलं तेच तिनं सांगितलं: आईनं मीठ घातलं, अंडं वर आलं. मधलं काही तिला दिसलंच नाही, कारण बहुधा तुम्ही मीठ एकदम घातलंत.

हाच प्रयोग पुन्हा करा, पण सावकाश. २५० मिलिलिटर पाणी, तळाशी ताजं अंडं. चमचा तिच्या हातात. आधी कागदावर लिहायचं: "मला वाटतं ___ चमच्यांनी अंडं उठेल." धाकट्यालाही आकडा सांगू द्या. मग एक छोटा चमचा मीठ, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं (अंडं तेवढ्यापुरतं बाहेर काढा), अंडं परत सोडायचं, बघायचं, लिहायचं. पहिले दोनतीन चमचे काहीच होत नाही. मग अंडं तळाशी उभं राहू लागतं, जड बाजू खाली आणि बोथट टोक वर, कारण बोथट टोकाला हवेची पोकळी असते. पाचव्या-सहाव्या चमच्याच्या आसपास ते तळ सोडतं. ताज्या अंड्याची घनता पाण्याच्या साधारण १.०८ पट असते आणि तेवढी घनता यायला पाव लिटर पाण्यात सुमारे ३० ग्रॅम मीठ लागतं.

आता तिला विचारा, "मिठाऐवजी साखर घातली तर?" बहुतेक मुलं ठामपणे "नाही तरंगणार" म्हणतात, कारण त्यांच्या मते ही मिठाची करामत असते. साखरेतही तरंगतं, फक्त चमचे बरेच जास्त लागतात. तो क्षण महत्त्वाचा, कारण मीठ हे कारण नाही हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. घनता हा शब्द त्यानंतर सांगा, चिकटेल.

मी चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं. सांगण्यासारखी गोष्ट एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलण्याआधी अंदाज बोलायला लावा.

चंद्रकोर

मास्तरांचा आदर ठेवून वेगळं मत मांडते. रविवारी सकाळी पाच वर्षांच्या मुलासमोर कागद-पेन्सिल आणि तक्ता ठेवला की त्याचा गृहपाठ होतो. मुलांना आधी भरपूर नवल वाटू द्या. कारण कळलं नाही तरी बिघडत नाही.

मी सहा वर्षांची असताना वडिलांनी टिश्यू कागदाच्या तुकड्यावर सुई ठेवून पाण्यावर सोडली होती. कागद भिजून बुडाला, सुई राहिली. त्यांनी एक अक्षर समजावलं नाही. मी नुसती बघत बसले. पुढे कितीतरी वर्षांनी वर्गात पृष्ठताण (पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो तो गुण) शिकवला तेव्हा ती सुई डोळ्यांसमोर उभी राहिली आणि धडा एका वाचनात समजला. त्या दिवशी मला तक्ता भरायला लावला असता तर बहुधा तो तक्ताच आठवला असता.

मुक्काम_पोस्ट

चंद्रकोर +१. अंदाज लिहून घेण्यापेक्षा तोंडी विचारला तरी पुरतं ना?

जुना_मास्तर

पुरतं की! पाच वर्षांच्या मुलाला तोंडीच विचारावं. लिहिण्याचा आग्रह आठ-नऊच्या पुढे. चंद्रकोर यांची सुई मला पूर्ण पटली. माझं म्हणणं एवढंच, की सुई तरंगल्यावर मुलानं "आता साबण लावून बघू?" म्हटलं तर आपण "नको, बुडेल" असं उत्तर देऊन मोकळं होऊ नये.

जुळ्यांची_आई

आमच्याकडे दोन्ही बाजू एकाच घरात आहेत. एक मुलगा तक्ते करतो, दुसरा सगळं एकत्र ओततो. म्हणून आम्ही नियम केलाय: पहिल्यांदा नुसती मजा. दुसऱ्यांदा तोच प्रयोग, पण काय बदलायचं ते मुलांनी ठरवायचं.

ज्वालामुखीच्या दुसऱ्या फेरीत त्यांनी विचारलं, "व्हिनेगर खूप ओतलं तर खूप फेस येईल ना?" करून बघितलं. थोडा वेळ वाढला, मग कितीही ओता, काही नाही. मग उलट केलं, सोडा वाढवत नेला. एका टप्प्यानंतर फेस तेवढाच आणि तळाशी पांढरा सोडा तसाच पडून. दोघं एकमेकांना संपवतात आणि जो आधी संपेल तिथे खेळ थांबतो, हे त्यांना आपोआप कळलं. नंतर मी हिशेब मांडून बघितला: ५ टक्के आम्ल असलेलं व्हिनेगर धरलं तर एका छोट्या चमच्याला, म्हणजे अंदाजे ५ ग्रॅम सोड्याला, सुमारे ७० मिलिलिटर पुरतं. त्यातून साधारण १.४ लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. थोडासा पाण्यातच विरघळून राहतो, बाकीचा हवेत.

हे फेसापेक्षा फुग्यानं छान दिसतं. बाटलीत व्हिनेगर, फुग्यात सोडा, फुगा बाटलीच्या तोंडावर ताणून बसवायचा आणि उभा करायचा. अर्धा चमचा, एक चमचा, दोन चमचे सोडा घातलेले तीन फुगे शेजारी ठेवले की आलेख काढायची गरजच नाही. आणि बाटलीला हात लावून बघा, गार लागते. माझ्या तक्तेवाल्या मुलानं हे शोधलं, मला स्वतःला माहीत नव्हतं. रासायनिक क्रिया म्हणजे उष्णता बाहेर पडणार असं मी धरून चालले होते. ही क्रिया उष्णता शोषून घेते.

सांडशी

फुग्याचा विषय निघालाच आहे तर कळकळीनं सांगते. बाटलीला झाकण कधीही घट्ट लावू नका. माझ्या भाच्यानं "अजून जोरात उडेल" म्हणून सोडा-व्हिनेगर टाकून बाटलीला फिरकीचं झाकण लावलं. बाटली फुटली. सगळे दुसऱ्या खोलीत होते म्हणून कुणाला इजा झाली नाही, पण तो आवाज अजून कानात आहे. फुगा चालतो कारण तो ताणतो, फार झालं तर निसटतो.

दुसरं म्हणजे सफाईचं सामान. मुलं एकदा मिसळायला लागली की त्यांना सिंकखालच्या बाटल्याही दिसतात. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कोणतंही आम्लयुक्त क्लीनर पडलं की क्लोरिन वायू निघतो, तो फुप्फुसांना घातक. आमच्या घरी आता सरळ हद्द आखली आहे: प्रयोगात फक्त खायच्या वस्तू आणि भांडी घासायचा साबण. आणि प्रयोगातलं काही चाखायचं नाही, साखरेचं पाणी असलं तरी. अपवाद केला की मुलांना नियम कळत नाही.

पाटीपेन्सिल

सांडशी, बरं झालं सांगितलंत. आमच्या धाकट्यानं परवाच झाकण लावू का विचारलं होतं. मी "नको, सांडेल" म्हणाले होते. आज नीट कारण सांगते.

मास्तर, साखरेचं अंडं नक्की करणार.

थेंबेथेंबे

विषय चांगला आहे, पण मला एक गोष्ट खटकते. दूध, अंडी, साखर प्रयोगात घालून ओतून द्यायची, आणि जेवताना मात्र मुलांना सांगायचं की पानात काही टाकू नका. मुलं हे बरोब्बर टिपतात.

रेघोटी

थेंबेथेंबे, मुद्दा रास्त आहे. मलाही आधी हेच टोचायचं, म्हणून आम्ही उरलेल्या वस्तूंवर आलो.

अंड्याचं कवच व्हिनेगरमध्ये विरघळतं हे दाखवायला अख्खं अंडं लागत नाही. स्वयंपाकात फोडलेल्या अंड्याची टरफलं घ्या. कवच म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर लगेच बुडबुडे दिसतात, आणि एक-दोन दिवसांत नुसता पातळ पडदा हाताशी येतो. दुधाच्या रंगांना बशीभर दूध कशाला, तळ झाकला की झालं. (दूध सायीचं हवं. साबण स्निग्धांशाच्या मागे धावतो म्हणून रंग इतका वेळ फिरत राहतो. साध्या पाण्यात एक झटका आणि संपलं.)

आणि सगळ्यात आवडता, लाल कोबी. भाजी करताना बाहेरची दोनचार पानं बाजूला काढायची, चिरून गरम पाण्यात दहा मिनिटं. जांभळं पाणी मिळतं. छोट्या वाट्यांत ओतून एकेकीत वेगळी वस्तू टाकायची. लिंबू किंवा व्हिनेगरनं गुलाबी-लाल, सोड्यानं निळं-हिरवट. मधल्या छटा मोजायला बसलात तर दुपार सरते. कोबीतल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याचा हा गुण. माझी मुलगी आता घरातल्या प्रत्येक गोष्टीला विचारते, "तू गुलाबी की हिरवी?" टूथपेस्ट, अंगाचा साबण, टोमॅटो, सगळ्यांची तपासणी झाली. काल आजीच्या चहात कोबीचं पाणी घालायला निघाली होती. आजीनं कप झाकून धरला, पण शेवटच्या घोटाचा नमुना दिला.

हळदीचंही करा. पाण्यात कालवलेली हळद कागदाला फासून वाळवा, मग सोड्याच्या पाण्यात बुडवलेल्या काडीनं लिहा. अक्षरं लाल उमटतात, लिंबाचा थेंब टाकला की पुन्हा पिवळी.

गवतफूल

आजींचा शेवटचा घोट :) विज्ञानाला सहकार्य असावं तर असं!

सांडशी

एक अडचण. मिठाचे स्फटिक आमच्याकडे जमतच नाहीत. उकळत्या पाण्यात मीठ घालत राहिले, विरघळायचं थांबल्यावर गाळून बरणीत ओतलं, दोरा सोडला. साखरेचे स्फटिक अगदी असेच करून छान आले होते. मिठाचं पाणी पाच दिवस जसंच्या तसं आहे.

जुना_मास्तर

सांडशी, हा प्रयोग फसलेला नाही. तुम्हाला मीठ आणि साखरेतला मोठा फरक सापडलाय. १०० मिलिलिटर पाण्यात २० अंशांना सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते आणि उकळत्याच्या जवळ गेलं की जवळजवळ ४९०. म्हणजे गार होताना ढीगभर साखरेला पाण्यात जागाच उरत नाही, ती बाहेर पडते. मिठाचं तसं नाही. २० अंशांना ३६ ग्रॅम, १०० अंशांना ३९. गार करून हाती काय येणार? मिठाला पाणी उडून जाईपर्यंत थांबावं लागतं. बरणीचं पाणी उथळ ताटलीत ओता, वर पातळ कापड टाका आणि हलवू नका. काही दिवसांत छोटे चौकोनी ठोकळे दिसतील. भिंगातून बघा, कडा किती सरळ असतात ते.

मुलांना आधी पाच दिवसांची ती रिकामी बरणी दाखवा आणि विचारा, हे असं का झालं असेल. मग ताटली करा.

सांडशी

अरे वा! मी बरणी उद्या ओतून देणार होते. थांबते.

उकळबिंदू

माझा हुकमी प्रयोग सांगतो. ताटलीत रंगीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर काचेचा ग्लास पालथा. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, तो जळून संपतो, म्हणून ग्लासाचा बरोबर पाचवा भाग पाण्यानं भरतो. हवेत काय किती असतं ते मुलांना एका फटक्यात समजतं.

मुक्काम_पोस्ट

उकळबिंदू, प्रयोग फार सुंदर आहे, पण हे स्पष्टीकरण चुकीचं आहे. मलाही शाळेत हेच शिकवलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक, मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपवत नाही. बंद ग्लासात ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत तग धरत नाही. बराचसा तसाच शिल्लक असतो. दोन, जो ऑक्सिजन जातो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते, तीही जागा व्यापणार. वाफेचं पुन्हा पाणी होतं, पण कार्बन डायऑक्साइड एवढ्या थोड्या वेळात पाण्यात फारसा विरघळत नाही.

मग पाणी चढतं कशानं? ज्योतीनं ग्लासातली हवा तापते, फुगते, आणि काही हवा ग्लासाच्या कडेखालून बुडबुड्यांनी बाहेर पडते. ज्योत मंदावली की उरलेली हवा गार होऊन आकसते, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, दोन गोष्टी स्वतः बघा. पाणी ज्योत जळत असताना हळूहळू चढतं, की विझायच्या सुमाराला झपकन चढतं? आणि एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. ग्लास तोच, म्हणजे ऑक्सिजन तेवढाच. तुमचं म्हणणं खरं असेल तर पाणी तेवढंच चढायला हवं.

उकळबिंदू

हे मला पटत नाहीये. इतकी वर्षं पाणी पाचव्या भागाच्या आसपास येताना मी बघितलंय. आज रात्री तीन मेणबत्त्या लावतो.

खिडकीतली_मैना

अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. पाटीपेन्सिल यांनी मिरपूड आणि साबणाचा उल्लेख केला म्हणून आठवलं.

जर्मनीत आग्नेस पॉकेल्स नावाची मुलगी होती, जन्म १८६२. तेव्हा तिथे मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता. आईवडील आजारी, घर हिच्यावर. भांडी धुताना पाण्यावर तेलाचा, साबणाचा तवंग कसा वागतो हे ती बघत राहिली. विशीच्या आसपास तिनं घरच्याच सामानातून एक उपकरण केलं: काठोकाठ पाणी भरलेलं पन्हळीसारखं पत्र्याचं भांडं, त्यावर आडवी सरकवायची पत्र्याची पट्टी, आणि पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवलेलं एक बटण. तराजूनं ते बटण वर ओढायला किती जोर लागतो हे मोजलं की पृष्ठताण कळतो. पट्टी सरकवून तवंगाला जागा कमी-जास्त केली की तो आकडा कसा बदलतो, याच्या नोंदी ती वर्षानुवर्षं ठेवत गेली.

१८९१ मध्ये तिनं लॉर्ड रॅली या मोठ्या शास्त्रज्ञाला पत्र लिहून हे सगळं कळवलं. त्यांनी ते पत्र 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकाकडे पाठवलं आणि त्याच वर्षी ते छापून आलं. पुढे या विषयातल्या कामासाठी १९३२ चं नोबेल मिळालेल्या अर्विंग लँगम्यूरचं उपकरण याच पन्हळीची सुधारलेली आवृत्ती होती.

मिरपूड बाजूला पळते तेव्हा मी मुलांना हिची गोष्ट सांगते. माझ्या मुलीनं लगेच विचारलं, "तिनं मिरपूड नाही का टाकली?" आणि मग आम्ही मिरपुडीऐवजी काय काय पळतं ते बघत बसलो. दालचिनीची पूड पळते. तेलाचा थेंब आधी टाकून ठेवला तर तीच मिरपूड आळशी होते.

चंद्रकोर

मैना, किती छान सांगितलंत! माझ्या सुईलाही हिच्या घरात जागा मिळाली.

यावरून मला एरास्तो म्पेम्बा आठवला. टांझानियातला शाळकरी मुलगा. १९६३ मध्ये शाळेत आइस्क्रीम करताना फ्रीजरमधली जागा जाईल म्हणून त्यानं उकळलेलं दूध गार न करताच ठेवलं, आणि त्याचं मिश्रण इतरांच्या आधी गोठलं. शिक्षकांना विचारलं तर "तुझा काहीतरी गोंधळ झालाय" असं उत्तर मिळालं. त्यानं प्रश्न सोडला नाही. पुढे शाळेत आलेल्या डेनिस ऑस्बोर्न या प्राध्यापकांना सगळ्यांसमोर विचारला. त्यांनी प्रयोगशाळेत तपासून घेतला आणि १९६९ मध्ये दोघांच्या नावानं शोधनिबंध आला. गरम पाणी खरंच आधी गोठतं का, यावर अजूनही वाद चालू आहे. घरी करून बघाल तर उत्तर कधी असं, कधी तसं येतं. भांडं, फ्रीजरमधली जागा, पाण्याचं प्रमाण, सगळ्यानं फरक पडतो. म्हणूनच मला तो मोठ्या मुलांसाठी आवडतो, कारण पालकांनाही उत्तर माहीत नसतं.

रेघोटी

तीन वर्षांच्या मुलासाठी काही सुचवा ना. धाकटा सारखा मध्ये घुसतो.

जुळ्यांची_आई

संत्रं! सालीसकट पाण्यात सोडलं तर तरंगतं, सोलून सोडलं तर बुडतं. सालीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. तिशीतल्या माणसांनाही मी यावर थक्क होताना पाहिलंय. दुसरं म्हणजे तेलात रंगीत बर्फ. बर्फाची आणि खाद्यतेलाची घनता जवळजवळ सारखी, ०.९२ च्या आसपास, त्यामुळे बर्फ तेलात जेमतेम डोकं वर काढून लोंबकळत राहतो. वितळलेलं पाणी मात्र तेलाहून जड, त्याचे गोल टपोरे थेंब संथपणे खाली उतरतात. तीन वर्षांचं मूल त्यापुढे गप्प बसतं, आणि आपणही.

उकळबिंदू

तीन मेणबत्त्या लावल्या. पाणी एका मेणबत्तीच्या दुपटीहून जास्त चढलं. पुन्हा केलं, तसंच. बुडबुडेही दिसले, अगदी सुरुवातीला, कडेखालून. इतकी वर्षं ते समोर होते आणि माझं लक्ष फक्त शेवटच्या रेषेवर होतं.

मुक्काम_पोस्ट, मनापासून आभार. मुलांना बोलावून सांगितलं की बाबांनी तुम्हाला चुकीचं कारण सांगितलं होतं, आता आपण मिळून बघू. मुलगा म्हणाला, "मग चार लावू या." चार लावल्या. पाचवी ग्लासात मावत नाही.

जुना_मास्तर

उकळबिंदू, तुमचा हा प्रतिसाद या धाग्यातला मला सर्वांत आवडला.

मुक्काम_पोस्ट

मास्तरांशी सहमत. आणि पाचवीसाठी मोठी बरणी घ्या :)

पाटीपेन्सिल, तुमच्या मूळ प्रश्नासाठी एक सुचवतो. दोन सारखे ग्लास, दोन्हीत खोलीच्या तपमानाचं पाणी, एकात भरपूर मीठ विरघळवलेलं. दोन्हीत एकाच मापाचा बर्फाचा खडा एकाच क्षणी सोडायचा. कुठला आधी वितळेल? शक्यतो बर्फ रंगीत करा. कृपया कुणी उत्तर लिहू नका. पाटीपेन्सिल, तुम्हीही शोधू नका, लेकीबरोबरच बघा.

पाटीपेन्सिल

पंधरा दिवसांनी परत आले. लिहायला बरंच आहे.

साखरेचं अंडं झालं. लेक "नाहीच तरंगणार" यावर अडून होती. अकराव्या चमच्याला म्हणाली, "बघ, मी सांगितलं होतं." चौदाव्याला अंडं हललं. ती काही बोलली नाही, ग्लासाला नाक लावून बसली. मग म्हणाली, "म्हणजे पाण्यात काहीही कोंबलं तरी?" मी म्हटलं, काय काय कोंबू या? त्या दिवशी ती यादी करण्यातच संध्याकाळ गेली. पीठ विरघळत नाही म्हणून तिनं स्वतःच खोडलं.

मग मुक्काम_पोस्ट यांचा बर्फ. लेक म्हणाली मिठाच्या पाण्यात आधी वितळणार, कारण मीठ टाकल्यावर बर्फ वितळतो हे तिनं पाहिलंय. खरं सांगते, मलाही तेच वाटलं. धाकटा फक्त विरोध करायचा म्हणून दुसऱ्या ग्लासाच्या बाजूनं. निळा बर्फ, घड्याळ लावलं.

साध्या पाण्यातला अकरा मिनिटांत संपला. मिठाच्या पाण्यातला त्या वेळी अर्ध्याहून जास्त शिल्लक होता, तो संपायला सव्वीस मिनिटं लागली. धाकट्यानं घरभर उड्या मारल्या. लेक भांडलीच, "तुझा खडा मोठा होता!" पुन्हा केलं, ग्लास अदलाबदल करून, खडे तिनं निवडून. तेच.

रंगीत बर्फ करा का म्हणालात ते तिसऱ्या फेरीत कळलं. तिनंच दाखवलं: "आई, इथे निळं खाली चाललंय आणि इथे वरच बसलंय." साध्या पाण्यात वितळलेलं गार निळं पाणी जड म्हणून खाली उतरत होतं, त्याच्या जागी कोमट पाणी बर्फापाशी येत होतं. मिठाच्या ग्लासात निळं पाणी खारट पाण्याहून हलकं, ते वरच साचलं होतं, आणि बर्फ आपल्याच गार पाण्यात बसून होता. "त्याचं पांघरूण झालं," असं ती म्हणाली. अंड्याचा ग्लास तिला आठवला की नाही ठाऊक नाही, पण "खारट पाणी जड असतं ना" हे वाक्य तिनं न विचारता वापरलं.

रात्री झोपताना हाक मारली. "आई, मी सारखं ढवळत राहिले तर? पांघरूण राहणारच नाही. मग कोण जिंकेल?"

मला उत्तर माहीत नाही. बर्फाचे दोन ट्रे लावून ठेवलेत, एक निळा, एक बिनरंगाचा.

उकळबिंदू

आम्हीही आज रात्री ट्रे लावतो. ढवळायचा वेग दोन्हीकडे सारखा कसा ठेवणार, ते लेकीला विचारून कळवा.

पाटीपेन्सिल

विचारलं. म्हणाली, एक ग्लास मी, एक दादू, आणि आई टाळ्या वाजवून ताल धरणार.